थोरलीला भांडण हवं होतं

थोरलीनं शेळी सोडली ती मुद्दामच. आधी तिनं इकडंतिकडं पाहिलं, मग बांधापलीकडं धाकटीचा घेवडा शेंगांनी लगडला होता तिकडं पाहिलं, आणि शेळीच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जा, तुझंच वावर आहे." शेळीला एवढं आमंत्रण पुष्कळ झालं. थोरली कमरेवर हात ठेवून बांधावर वाट बघत उभी राहिली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोन सख्ख्या भावांच्या बायका, मध्ये एक बांध आणि सामाईक विहीर. भांडायला लागतं ते सगळं देवानं हाताशी दिलं होतं, आणि दोघींनी लग्न होऊन आल्यापासून त्याचं चीज केलं होतं. बांध कोणी कोरला, पाण्याची पाळी कोणाची, कोंबडी कोणाच्या गवतात अंडं घालून गेली, विषयाला तोटा नव्हता. एरवी धाकटी थोरलीला मानानं 'तुम्ही' म्हणायची. भांडण तापलं की 'तू' यायचं. ते 'तू' आलं, की आता खरी सुरुवात झाली असं आसपासची माणसं समजायची आणि हातातलं काम खाली ठेवायची.

धाकटी घरातून बाहेर आली. घेवड्यात शेळी बघून तिचं तोंड उघडलं. थोरलीला बरं वाटलं. पण तोंड तसंच मिटलं.

"खाऊ दे, अक्का. मुकं जनावर आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही उन्हात नका उभ्या राहू."

आता ती शेळी परत आणायची कोणी? थोरलीच गेली. शेळीनं तिला चांगलं घोळवलं आणि वर दोन शेंगा तोंडात धरूनच बांध ओलांडला.

हे सगळं झालं ते ऑपरेशनमुळं. थोरलीच्या काळजातली एक झडप बिघडली होती. चार पावलं चालली की ती मटकन खाली बसायची. भांडतानासुद्धा मधेच दम लागायचा, आणि धाकटी समोर उभी राहून तिचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबायची. शेवटी मोठ्या गावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छाती उघडून जुनी झडप काढली आणि धातूची नवी बसवली. छातीचं हाड जुळून आलं, हिवाळा सरला, आणि आता थोरली विहिरीपर्यंत जाऊन न थांबता परत येत होती. नवी झडप तेवढी टिकटिक करायची. सुरुवातीला नवऱ्याला त्या आवाजानं झोप येईना, आता तो ऐकू आला नाही तर येत नव्हती.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले होते, जपा, मनाला त्रास होऊ देऊ नका. हे धाकटीच्या नवऱ्यानं ऐकलं आणि गावात आणलं. गिरणीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं झालं, जो तिच्याशी वाद घालेल त्याच्या माथी तिचा जीव. तेव्हापासून सगळं गाव तिच्यापुढं लोण्याचं झालं. दुकानदार न मागता माप जास्त घालायचा. गिरणीवाला दुसऱ्याचं दळण थांबवून तिचं घ्यायचा. सुनेनं विळा लपवला, ते एक ठीक होतं, कारण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज असते आणि बोट कापलं तर रक्त थांबता थांबत नाही. गोळ्या थोरलीनं पत्करल्या, गोळीपायी पालेभाजी रोज सारख्याच मापानं खायची तेही पत्करलं. पण एकदा तांबडी गाय समोर बांधलेली असताना ती नवऱ्याला म्हणाली, "ही गाय काळी आहे." त्यानं गायीकडं पाहिलं, बायकोच्या छातीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "काळीच म्हणायची." त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या तपासणीला नवरा, मुलगा आणि सून, तिघंही बरोबर गेले. तिथल्या नर्सबाई एकेक विचारू लागल्या.

"जिना चढताना दम लागतो का?"

"आम्ही चढूच देत नाही," सून म्हणाली.

"आमच्या घराला जिनाच नाही," थोरली म्हणाली.

"मन उदास राहतं का?"

"छे, आनंदात असते," मुलगा म्हणाला. "सगळं गाव जपतंय तिला."

"मी त्यांना विचारतेय," नर्सबाई म्हणाल्या.

थोरलीनं घसा साफ केला. "माझ्याशी कुणी भांडत नाही."

नर्सबाईंनी डॉक्टरांनाच बोलावून आणलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, हसू आवरलं आणि म्हणाले, "भांडणानं झडप निसटत नाही, आजी. गोळी चुकवू नका, रक्ताची तपासणी टाळू नका, पडू-झडू नका, काही कापून घेऊ नका. बाकी माणसासारखं जगा."

"हे यांना मोठ्यानं सांगा."

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. तिघांनी माना हलवल्या. परतीच्या गाडीत थोरली म्हणाली, खिडकीशी मी बसणार. तिघंही उठले.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं धाकटीला गाठलं. "डॉक्टर म्हणाले, भांडायला हरकत नाही."

"हो अक्का," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

थोरलीचं डोकं फिरलं. त्या दिवशी पाळी धाकटीची होती. थोरलीनं सरळ पाटाचं तोंड फिरवून पाणी आपल्या वावरात घेतलं. ऊन असं होतं की काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि धाकटीच्या घेवड्यानं माना टाकल्या होत्या. धाकटीनं घेवड्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "घ्या. मला उद्याचं चालेल."

आता मात्र थोरली घाबरली. मेलेल्या माणसाबद्दल कुणी वाईट बोलत नाही, आणि तिला ते भाग्य जिवंतपणीच आलं होतं. एवढी छाती फाडून घेतली ती काय यासाठी? तिनं पाणी परत धाकटीच्या घेवड्याकडं वळवलं आणि बांधावर बसली.

"धाकटे," ती म्हणाली, "हा बांध तुझा. माझ्या बाजूनं कोरलाय, मला ठाऊक आहे. पाण्याचंही तुझंच खरं होतं. आजवर सगळ्यात तुझंच खरं होतं."

खरं म्हणून बोलली की खोडी म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. धाकटीच्या हातातलं फावडं खाली पडलं.

"काय म्हणालात?"

"तूच खरी. मी हरले म्हण."

धाकटीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "तू कोण गं मला बांध देणारी?" ती म्हणाली. "माझाच बांध मला दान करतेस? इतकी वर्षं घसा फोडला तो काय तुझ्याकडून भीक घ्यायला? तू दवाखान्यात होतीस तेव्हा दोन्ही वावरांना पाणी कोणी दिलं? मी दिलं. तुझा पाट फुटला तर मीच बुजवायचा आणि शिव्याही माझ्या मीच खायच्या. इथं उभी राहून रडलेय मी, माहीत आहे? आणि आता परत आलीस तर निरवानिरव करतेस? मरायचं असेल तर आधी बांध मोजून दे, मग मर."

"मोज की," थोरली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "तुझ्या दोरीला मी भिते होय? तुझ्या कोंबड्यांनी माझं किती बियाणं उकरलं तेही मोज."

मग जे सुरू झालं त्यानं गिरणी बंद पडली. कोंबड्या निघाल्या, जुनी बादली निघाली, कोणाच्या तरी बारशाला कोण जेवायला आलं नव्हतं तेही निघालं. सून गोळ्यांची डबी घेऊन धावत आली. मुलगा मधे पडायला निघाला, तर त्याच्या बापानं त्याचा दंड धरला.

"थांब जरा. बघ, एकदाही बसली नाही."

धाकटीच्याही ते ध्यानात आलं. ती बोलता बोलता थांबली. "दम लागला का गं तुला?"

"नाही."

"मग ऐक," धाकटी म्हणाली, आणि हिवाळाभर साठवलेलं सगळं बाहेर काढलं.

शेवटी दोरी आली. दोन्ही भावांनी दोन टोकं धरली. थोरलीच्या बाजूनं बांध चांगला दीड हात खाल्लेला निघाला. धाकटीनं फावडं उचलून थोरलीच्या पुढं केलं. "घाल माती परत."

"काकी, आईंना नका सांगू," सून म्हणाली. "झेपायचं नाही त्यांना."

"का? मघापासून माझं डोकं खाल्लं ते झेपलं ना?"

थोरलीनं फावडं घेतलं. थोडी माती तिनं ओढली, बरीच धाकटीनं ओढली, आणि ओढताना दोघींची तोंडं क्षणभरही थांबली नाहीत. ऊन उतरलं तेव्हा थोरली घरी आली, कोपरापर्यंत मातीनं माखलेली, आवाज बसलेला.

सुनेनं घाबरत पाण्याचा तांब्या पुढं केला. "कसं वाटतंय, आई?"

"हरले," थोरली म्हणाली. "सपशेल हरले गं." तिनं हात धुतले, ताट पुढं ओढलं. "वाढ, आणि पोटभर वाढ. परवा पाळी पुन्हा तिची आहे, आणि मी काही ती कबूल करणार नाही."