घरात पक्षी नाहीत

मी उशी बोलतेय. नाक मुरडू नका. तुमची झोपेतली लाळ आयुष्यभर टिपते ती माझ्याच जातीची कोणीतरी. मात्र मी कापसाची नव्हे हं. कापसाच्या उशा दोन वर्षांत गोळे धरून बसतात. मी पिसांची उशी. माझ्या पोटात एकवीस बदकांची पिसं आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण एवढी साधी गोष्ट तीन डॉक्टर आणि एक शहाणी बाई यांना कळायला चार वर्षं लागली.

मला आईनं भरलं. आई म्हणजे या घरची आई. तिच्या घरामागे तळं होतं आणि तळ्यात बदकं. गळालेली पिसं ती वेचायची, मेलेल्या बदकाची उपटून घ्यायची, धुऊन वाळवायची. जाड काड्यांची पिसं फेकून द्यायची आणि मऊ तेवढी साठवायची. सहा वर्षं साठवून मग जाड कापडाचा अभ्रा शिवून तिनं मला भरलं. शिवण अशी घट्ट की पीस बाहेर येईल तर शपथ.

पीस येत नव्हतंच. धूळ येत होती. पिसं सुकून चुरली की पिठासारखी बारीक धूळ होते, आणि ती काही शिवणीची परवानगी मागत नाही. आई दर उन्हाळ्यात मला अंगणात झोडपायची, थोपटायची, मग माझ्यात नाक खुपसून म्हणायची, "कशी ऊब आहे हिला!" आणि खोकायची. खोकून झालं की पुन्हा थोपटायची.

अशी खोकत खोकतच ती म्हातारी झाली. शेवटी तिचे पाय सुजले, ओठ निळे पडले, एक वाक्य बोलायला तीनदा थांबायला लागली. गेली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, वय झालं होतं. माणसांचं हे एक बरं असतं. कारण सापडलं नाही की त्यांना वय सापडतं. सहासष्ट वर्षांची होती.

मागे तिची दोन मुलं. ताई थोरली, बायकांचे कपडे शिवणारी, एक लेक परगावी नोकरीला, नवरा केव्हाच वारलेला. दुसरा धाकटा, सायकल दुरुस्तीवाला. ताई तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिच्या इमारतीसमोर रस्त्यापलीकडे त्याचं दुकान. आईचं कपाट, भांडी, शिलाई मशीन, सगळं दोघांनी एका सकाळीत वाटून घेतलं, तोंडातून शब्द न काढता. उरले मी. मग मात्र दोघांना कंठ फुटला.

"ताई, मशीन तू घेतलंस. उशी माझी."

"मशीन मी चालवते म्हणून घेतलं. तू त्याच्यावर काय पंक्चर काढणार होतास?"

"आई मला म्हणाली होती, उशी तुझी."

"कधी? घोरताना?"

एक कोपरा त्याच्या हातात, एक हिच्या. वयं चव्वेचाळीस आणि चाळीस! मी आयुष्यभर माणसांची डोकी वाहिली आहेत, म्हणून खात्रीनं सांगते, त्यांत वजन असतं तेवढा ऐवज नसतो. शेवटी धाकट्यानं कोपरा सोडला. "घे. कवटाळून बस जन्मभर," म्हणाला, आणि जिना उतरला. त्या दिवसापासून बोलणं बंद. ताई म्हणणंही बंद. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "ती, वर राहते ती."

ताई जिंकली. जिंकली म्हणजे काय, रोज माझ्यात तोंड खुपसून आईचा वास शोधायला लागली. सहा महिन्यांत कोरडा खोकला सुरू झाला. कधी अंग कसकसायचं, ताप यायचा, दोन दिवसांत आपोआप उतरायचा. पहिला डॉक्टर म्हणाला, दमा. तोंडात मारायचा पंप दिला. ताई पंप ओढायची आणि पंप मला चिकटूनच ठेवायची, सापडायला सोपा म्हणून.

दुसरा डॉक्टर जास्त हुशार. त्यानं ओळखलं की ही ॲलर्जी आहे. इथवर बरोबर. मग म्हणाला, "कापडाचे तंतू जातात नाकात. शिवणकाम सोडा." ताईनं खरोखर सोडलं! आईचं मशीन, पोटापाण्याचं मशीन, ओळखीच्या बाईला देऊन टाकलं. आणि दुपारी रिकामा वेळ मिळाला म्हणून काय केलं? माझ्यावर आडवी झाली. आधी फक्त रात्र माझी होती, आता दुपारही माझी. मला हसता येत असतं तर माझी शिवण उसवली असती.

जिना चढताना ती आधी दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबायची, काही महिन्यांनी पहिल्यावरच, आणि शेवटी तर आठव्याच पायरीवर. समोरच्या दुकानातून धाकटा बघायचा आणि मान खाली घालून चाक फिरवत राहायचा. तोही काही कमी नव्हता.

मग ती लेकीकडे गेली दहा दिवस. मला घरी ठेवून. आली ती एका दमात दोन मजले चढून. "पोरीनं जीव लावला बघ," शेजारणीला सांगत होती. आठवड्यात पुन्हा आठवी पायरी. तर म्हणे, "आपल्या गावची हवाच वाईट." हवेला शिव्या दिल्या, रस्त्यावरच्या धुरानं खिडक्या काळ्या होतात म्हणून बोलली, आणि खिडक्या लावून माझ्यावर झोपली.

पुढच्या खेपेला मला बरोबर घेतलं. "परक्या उशीवर मान अवघडते गं." पाच तास बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. चौथ्या दिवशी तिचे ओठ निळे पडले आणि लेकीनं तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथेही मी होते. हॉस्पिटलची उशी टोचते म्हणून ताईच्या पाठीशी मीच. फुप्फुसांचे फोटो झाले, हृदयाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "मावशी, तुमच्या फुप्फुसांतलं प्रेशर खूप वाढलंय."

"चुकलंय तुमचं," ताई म्हणाली. "कालच सिस्टरनं मोजलं. एकशेवीस-ऐंशी."

"ते दंडावरचं. हे वेगळं. ॲलर्जीनं फुप्फुसं सुजून सुजून कडक झालीत, त्यातल्या रक्ताच्या नळ्या अरुंद झाल्यात. हृदयाची उजवी बाजू त्यात रक्त ढकलून ढकलून थकलीय. पाय सुजतात ते त्यामुळं. ॲलर्जी कशाची ते सापडलं नाही तर हे वाढतच जाणार." मग तिनं कागद समोर ओढला. "घरात पक्षी आहेत? कबुतरं, पोपट, कोंबड्या?"

"नाहीत."

"खिडकीवर येऊन बसतात?"

"जाळी लावलीय. पक्षी मला आवडतच नाहीत."

डॉक्टरणीनं लिहिलं, पक्षी नाहीत. लिहिताना तिच्या पेनापासून मी दोन हातांवर होते.

लेक मात्र बोटांवर दिवस मोजत होती. मग म्हणाली, "आई, मागच्या वेळी तू माझ्याकडे दहा दिवसांत बरी झालीस. या वेळी आजारी पडलीस. घर तेच, हवा तीच. वेगळं काय होतं?" आणि तिची नजर तिच्या आईच्या खांद्यावरून माझ्यावर आली. "ही उशी पिसांची आहे ना?"

"बदकांची," ताई म्हणाली. "पण त्यांनी पक्षी विचारले. ही काय उडते का?"

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. रक्ताची आणखी एक तपासणी झाली आणि पुढे रिपोर्टातही पिसांचीच ॲलर्जी निघाली. पण ताईला रिपोर्टाआधीच कळलं होतं. ती आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होती. "आईचे पाय असेच दिसायचे," म्हणाली. "असेच. मी तेल चोळायचे." आणि पहिल्यांदाच मला न टेकता बसून राहिली.

मला काळ्या पिशवीत घातलं, ती आणखी एका पिशवीत, वर चिकटपट्टी. घरी आल्यावर गॅलरीत टाकलं. खोलीत मशीनच्या जागी आता ऑक्सिजनचं यंत्र घरघरतं. गोळ्यांनी सूज ओसरली, खोकला गेला. पण डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलंय, जे कडक झालं ते पुन्हा मऊ होणार नाही. प्रेशर थोडं उतरेल, बाकीचं सांभाळत जगायचं. एक वर्ष आधी सापडलं असतं तर. पण एक वर्ष आधी सगळे तंतूंच्या मागे लागले होते.

आज सकाळी धाकटा वर आला. ताई नाकात नळी घालून गाडीतून उतरली ते त्यानं दुकानातून पाहिलं होतं. उंबऱ्यातच उभा राहिला.

"असं ऐकलं की उशी गॅलरीत फेकलीस."

"हो."

"मग मला दे."

"नाही देणार."

"अजून? अगं, फेकलीस तरी नाही देणार?"

"आत ये. बस." ताई श्वास घेऊन म्हणाली, "आईचे पाय आठवतात तुला?"

मग तिनं सगळं सांगितलं, थांबत थांबत, एकेक वाक्याला दम घेत. धाकटा ऐकत होता. हाताचं ग्रीस पँटला पुसत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी ओढून घेतली असती तर…"

"तर आज तू इथं बसला असतास, नळी घालून. हरलास ते बरं झालं."

चार वर्षं हा माणूस माझ्यासाठी रुसून बसला, आणि त्या रुसव्यानंच त्याची छाती शाबूत राहिली. यात अक्कल कोणाचीच नाही. श्रेय घेऊ नये कोणी.

मी आता जिन्यात आहे. तो मला खाली कचऱ्याच्या गाडीकडे नेतोय, हात लांब करून, मेलेला उंदीर न्यावा तसा. एकेकाळी याच हातांनी माझा कोपरा ओढला होता. माझी तक्रार नाही. मी कोणाचं वाईट चिंतलं नाही. मी उशी आहे, मला डोकं नसतं. तुम्हाला असतं म्हणे. तर मग खोकला महिनोन्‌महिने जाईना, आणि कोणी विचारलं घरात पक्षी आहेत का, तर नाही म्हणण्याआधी एकदा डोक्याखाली हात घालून बघा. एवढं तरी जमेल.

आठव्या पायरीवर वरून आवाज आला. दमलेला, पण पोचला.

"अरे, नाकाला रुमाल बांध!"

"बांधलाय गं, ताई!"

चार वर्षांनी ताई म्हणाला. तेही मला फेकायला जाताना.