काजवाल्या आजीचा ग्रुप

दुपारची सुट्टी संपून लाँड्रीतली यंत्रं पुन्हा सुरू झाली होती. टेबलावर हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग होता आणि मावशी पाण्याचा हबका मारून एकेक चादर इस्त्रीखाली ओढत होती. समोर खांबाला टेकवलेला तिचा फोन अजून गरम होता. रोज सुट्टीत ती त्यावर आपल्या 'दिलासा' ग्रुपसाठी लाइव्ह प्रार्थना घ्यायची. मागच्या भिंतीवर लाँड्रीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, ते प्रत्येक व्हिडिओत दिसायचं. त्याचा काही त्रास होईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

दारातून एक आडव्या अंगाचा माणूस आत आला. अंगावर चुन्याची धूळ आणि हातात लांब दांड्याचा घण.

"'दिलासा' तूच चालवतेस ना?"

ग्रुपमधलाच कुणीतरी असेल असं वाटून मावशी हसली. "हो दादा. प्रभूची स्तुती असो. या ना आत."

त्याने घण उचलला आणि फोनवर घातला. काचेचा भुगा चादरीवर उडाला. दुसरा घाव वाफेच्या प्रेसवर बसला, नळी फुटली आणि उकळती वाफ फुसफुसत बाहेर पडली. बायका किंचाळत मागच्या दाराकडे पळाल्या. मुकादम धुलाईच्या खोलीतून ओल्या हातांनीच धावत आला.

"ए, काय चाललंय? ठेव तो खाली!"

घणवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. दांडा आडवा फिरवला. मुकादमाच्या खांद्यातून कड्कन आवाज आला आणि तो गुडघ्यांवर बसला. घणवाल्याने पुन्हा घण उचलला. या वेळी तो डोक्यावर पडणार हे मावशीला दिसलं. तिच्या हातात इस्त्री होतीच. तिने ती त्या माणसाच्या मानेवर टेकवली आणि दाबून धरली.

चर्र झालं. जळक्या कातडीचा वास सुटला. त्याने जी किंकाळी फोडली तशी किंकाळी मावशीने कधी ऐकली नव्हती. घण सुटून फरशीवर आदळला. तरी तिचा हात लगेच मागे आला नाही. हे तिला नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं.

मान धरून तो भिंतीला टेकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काजवाली आजी म्हणायचात ना तिला? माझी आई होती ती. मेली. खोलीत पडून सडली. आणि तिच्या फोनवर तुम्ही हात जोडलेली चित्रं पाठवत बसलात! मेलेल्या बाईला आमेन, आमेन!"

वाफेत वाट काढत तो मागच्या दाराने बाहेर पडला. त्याला अडवायला कुणीही पुढे झालं नाही.

'दिलासा' ग्रुप मावशीने दोन वर्षांपूर्वी काढला होता. चर्चच्या मंडळीतल्या काही बायका आजारपणामुळे उपासनेला येऊ शकत नव्हत्या. त्यांना रविवारचं वचन पोचावं एवढाच तेव्हा हेतू होता. मग एकाने दुसऱ्याला जोडलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि ग्रुप फुगत गेला. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाचा नवरा घर सोडून गेलेला, सगळ्यांसाठी प्रार्थना व्हायची. मावशीचा नवरा थट्टा करायचा, "तुझी मंडळी चार्जरवर चालते." ती म्हणायची, "चालते ना? मग झालं."

काजवाली आजी या ग्रुपची लाडकी होती. आयुष्यभर शिंप्यांकडे काजं-बटणं करून तिची नजर अधू झाली होती, म्हणून ती लिहायची नाही, बोलून पाठवायची. खोकत खोकत सगळ्यांची विचारपूस करायची. एकदा न्हाणीघरात पडून मनगट मोडलं असं तिने सांगितलं, तेव्हा ग्रुपने आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना केली होती. तिचा शेवटचा निरोप होता, "छातीत जड वाटतंय गं बायांनो, आठवण ठेवा." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मावशीनेही मोठी प्रार्थना बोलून पाठवली आणि चादरींकडे वळली. फोन लावावा असं मनात आलं होतं. पण त्या दिवशी हॉटेलचा माल जायचा होता.

हॉस्पिटलात मुकादमाचा हात गळ्यात बांधून झाला. हाड दोन जागी मोडलं होतं. वेदनेने त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण जीभ शाबूत होती.

"बाई, तुमच्या देवाला एक सांगा. पुढच्या वेळी भक्तांना पत्ता देताना आमच्या लाँड्रीचा देऊ नका."

मावशी हसली नाही. तेवढ्यात लाँड्रीतली एक पोरगी धावत आली आणि तिने आपला फोन मावशीसमोर धरला. लाँड्रीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने आवाजासकट टिपलेली मारामारी कुणीतरी ग्रुपवर टाकली होती. खाली धडाधड निरोप येत होते. याला जिवंत जाळा. हात तोडा याचे. मावशीवर हात टाकतो म्हणजे काय. कालपर्यंत हीच माणसं एकमेकांना स्तोत्रं पाठवत होती. आणि सगळ्यात खाली दूधवाल्याचा आवाज, धापा टाकत: "मावशी, तुम्ही काळजी करू नका. आजीची खोली मला माहीत आहे. तिथेच गेला असणार तो. आम्ही निघालोय."

दूधवाला म्हणजे उपासनेत सगळ्यात पुढे बसून सगळ्यात मोठ्याने गाणारा माणूस. पहाटे दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन जिने चढायचा. त्याच्या एका ठोशाने काय होईल हे मावशीला सांगावं लागलं नाही. पोलिसांना ग्रुपच्या यादीतला आजीच्या खोलीचा पत्ता कळवायला त्या पोरीला बजावून ती तशीच धावत सुटली.

आजीची खोली तळमजल्यावर होती. दार बिजागरीतून निखळलं होतं. आत दूधवाला आणि त्याचा टेम्पोवाला मित्र त्या माणसाला तुडवत होते. तो खाटेच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून पडला होता. मानेवरचा फोड फुटून शर्टाला चिकटला होता. त्याने एकदा टेम्पोवाल्याचा पाय धरून चावा घेतला, तसं टेम्पोवाल्याने स्टूल उचलून त्याच्या पाठीत घातलं. दूधवाला प्रत्येक लाथेबरोबर ओरडत होता, "बाईवर हात? बाईवर हात टाकतोस?"

"थांबा!" मावशी ओरडली. कुणी ऐकलं नाही. मग ती मध्ये घुसली आणि त्या माणसावर आडवी पडली. दूधवाल्याचा ठोसा निघाला होताच. तो तिच्या तोंडावर बसला.

क्षणभर तिला काही दिसेना. तोंड रक्ताने भरलं. ती ओंजळीत थुंकली तर त्यात दात होता.

"मावशी!" दूधवाल्याचा आवाज बसला. "अहो, मी तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी?" तिचे शब्द रक्तात बुडत होते. "तू कुठे राहतोस रे?"

दूधवाल्याने मूठ खाली घेतली.

"दोन गल्ल्या पलीकडे राहतोस ना? आजी म्हणाली छातीत जड वाटतंय, तेव्हा आलास का? आज मारायला बरा आलास. आज बरा रस्ता सापडला."

"तुम्ही तरी कुठे आलात?" तो एकदम उसळला.

"नाही आले," मावशी म्हणाली. "म्हणून तर हा मला फोडायला आला होता."

दूधवाल्याने भिंतीवर मूठ मारली, इतक्या जोराने की पोपडे गळून पडले. मग टेम्पोवाल्याला ढकलत तो बाहेर निघून गेला.

खोलीत दोघंच उरली. खाटेवरची गादी कुणीतरी गुंडाळून कोपऱ्यात ढकलली होती, तरी वास गेला नव्हता. मावशीने माठातलं पाणी घेतलं, आपल्या ओढणीचं टोक भिजवलं आणि त्याच्या मानेवर धरलं. त्याने डोळे उघडले आणि तिचं मनगट पकडून पिरगाळलं. ती कळवळली.

"सोड."

"असंच," तो म्हणाला. "असंच धरलं होतं तिचं. दारू पिऊन आलो होतो. मोडलं. दुसऱ्या दिवशी कामावर परगावी निघून गेलो, तो ती मेल्याचं कळेपर्यंत पुन्हा आलोच नाही. ती काय म्हणाली तुम्हाला?"

"न्हाणीघरात पडले म्हणाली."

"आणि माझ्याबद्दल?"

खोटं बोलावं असं मावशीला वाटलं. दोन गोड शब्द सांगितले असते तर त्याला बरं वाटलं असतं, तिलाही. पण तोंडातल्या रक्ताच्या चवीने तिला ते जमेना.

"काहीच नाही. आम्हाला वाटलं तिला कुणीच नाही."

त्याने तिचं मनगट सोडलं आणि कपाळ खाटेच्या पायावर आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, कातडी फाटून रक्त येईपर्यंत. मावशीने केस धरून त्याचं डोकं मागे ओढलं. आणि मग तिचा हात उठला. तिने त्याच्या थोबाडीत मारली. एक आजीच्या मनगटासाठी, एक मुकादमाच्या खांद्यासाठी, आणि तिसरी का मारली ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने एकही अडवली नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली. तिने ओढणी पुन्हा भिजवली. "मान वळव. इकडे बघ."

पोलीस आले तेव्हा ती त्याच्या कपाळावर चिंधी बांधत होती. त्याला हातकड्या घातल्या तशी तीही गाडीत जाऊन बसली. हवालदार म्हणाला, "बाई, तुम्ही उद्या या जबाब द्यायला, आधी दात बघा." ती म्हणाली, "आजच देते. त्याने काय केलं तेही लिहा आणि मी त्याला भाजलं तेही लिहा. तो मुकादमाच्या डोक्यात घण घालणार होता म्हणून भाजलं. पण इस्त्री जरा जास्त वेळ धरली, तेही लिहा." हवालदाराने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आता हिलाच वेड लागलंय.

त्या माणसाला शिक्षा झाली. मावशीने त्याच्यासाठी रदबदली केली नाही, कारण मुकादमाच्या बायकोच्या नजरेला नजर देणं तिला जमलं नसतं.

ग्रुपवर तिने नवऱ्याच्या फोनवरून एकच निरोप बोलून पाठवला. दात पडल्यामुळे शब्द फुसकत होते. "आजीला आपण मारलं नाही. पण ती एकटी मेली आणि आपल्याला पत्ता नाही. यापुढे कुणी आजारी आहे म्हटलं की आधी सांगायचं, तिच्या दारात कोण जातंय. कुणीतरी गेल्यावरच हात जोडायचे. आणि ज्यांनी जाळा, तोडा लिहिलं त्यांनी ते आपल्या मुलाबाळांना मोठ्याने वाचून दाखवा." निम्मी माणसं ग्रुप सोडून गेली. चर्चच्या पाळकांनीही, जरा कडक झालं हो, असं सुनावलं. राहिलेल्यांनी आपापल्या भागातली घरं वाटून घेतली. पहिल्याच आठवड्यात एक बाई तीन जिने चढून ग्रुपवर चार दिवस गप्प असलेल्या एका आजोबांचं दार बडवत राहिली. शेवटी ते चिडून बाहेर आले. "मेलो नाही अजून! रिचार्ज संपलाय!" त्यावर ग्रुप पहिल्यांदा हसला.

दूधवाला ग्रुपमध्ये परत आला नाही. पण एका पहाटे मावशीच्या दारात उभा राहिला. हातातला कॅन खाली ठेवून म्हणाला, "दाताचं काय ते बघू या. माझ्याबरोबर चला." वाटेत तो रडला, आणि मावशीने त्याला रडू दिलं.

तुरुंगात ती महिन्यातून एकदा जायची. सुरुवातीला तो भेटायला नकार द्यायचा. एकदा आला तो केवळ शिव्या द्यायला, आणि वेळ संपेपर्यंत देत राहिला. स्वतःच्या आईला, तिच्या देवाला, मावशीच्या सात पिढ्यांना. ती ऐकून परत आली. पुढच्या महिन्यात पुन्हा गेली.

एके दिवशी मुकादम म्हणाला, "मी पण येतो."

"कशाला?"

"बघायचंय मला त्याला. माफबीफ करायला नाही, नुसतं बघायला."

जाळीच्या पलीकडे घणवाला येऊन बसला. मानेवरची कातडी आकसून गुलाबी झाली होती, त्यामुळे मान एका बाजूला ओढल्यासारखी दिसत होती. मुकादमाने कुठलीही प्रस्तावना केली नाही. उजवा हात उचलायला लागला. तो छातीपर्यंत आला आणि थरथरत तिथेच थांबला.

"इथपर्यंतच जातो. बघितलंस? डोक्यावरून शर्ट काढायला बायको लागते."

घणवाल्याने जाळीशी वाकून त्या हाताकडे पाहिलं.

"दुखतो?"

"थंडीत दुखतो."

"माझी मान उन्हात जळते."

"बरं झालं मग," मुकादम म्हणाला.

मावशीला वाटलं, आता हे जाळीतून एकमेकांच्या अंगावर जाणार. पण दोघेही तसेच बसून राहिले, शिपाई उठवायला येईपर्यंत. जाताना घणवाल्याने कधी नव्हे ते विचारलं, "पुढच्या महिन्यात येणार का?"

परतल्यावर मुकादम लाँड्रीच्या दारात थांबला.

"बाई, त्या ग्रुपमध्ये मला घालू नका. ते स्तोत्रं-बित्रं मला झेपणार नाही. पण कुणाचं दार वाजवायचं असेल आणि माणूस कमी पडत असेल, तर सांगा. एक हात चांगला आहे माझा."