माफीचे कप

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पार्लरच्या खुर्चीत बसून कुणी बाई आरशाला विचारू लागली, "फार सुटलेय ना हो मी?" की मी कात्री खाली ठेवते. म्हणते, "बाई गं, मी केस कापते. तुला नक्की काय कापून हवंय?" तरी गिऱ्हाईक टिकून आहे, कारण हाताला गुण आहे. जिभेला नसला तर नसला.

पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी तिथे आमचं मंडळ जमतं. नाव 'भारदस्त'. सगळे माझ्यासारखेच ऐसपैस. जागा माझी, कारण बिनहाताच्या खुर्च्या माझ्याकडेच आहेत. हातवाल्या खुर्चीत आम्ही बसलो की उठताना खुर्चीही बरोबर येते. मोर्चे काढणं हे काही आमचं काम नाही. कुणाचा कान दुखतोय आणि डॉक्टर वजनकाट्याकडे बोट दाखवतायत, असं झालं की आमच्यातलं कुणीतरी सोबत जातं आणि "आधी कान बघा" म्हणून ठाण मांडून बसतं. नुसता आकार बघून कुणाला नोकरी नाकारली, तर आम्ही जाऊन कारण विचारतो. शांतपणे विचारतो. म्हणजे मी नसले तर.

आणि आमचा एक नियम आहे. स्वतःच्या अंगाबद्दल जो माफी मागेल, त्यानं सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. "सॉरी हं, मी जरा जास्त जागा घेतेय," असं कुणाच्या तोंडून निघायचा अवकाश, बाकीचे एका सुरात म्हणतात, "कप." हा कायदा आमच्यातल्या पोस्टमनदादांनी काढला. बिचाऱ्यांनी जन्मभर घरोघरी चालत टपाल वाटलं, आणि ज्याच्या दारात गेले तो म्हणायचा, दादा, जरा चालत जा, वजन उतरेल.

सगळ्यात जास्त कप धुतले ते माझ्या भाचीनं. बहिणीची एकुलती एक, लहानपणी गुबगुबीत म्हणून गुब्बी. पाण्यात पडली की पोर मासोळी. रीतसर शिकून, परीक्षा देऊन पोहण्याची शिक्षिका झाली. पण पाण्याबाहेर आली की मान खाली. पार्लरच्या दारातून आत येतानाच अंग चोरणार आणि "सॉरी" म्हणणार. मला तिचा राग यायचा, आणि खरं सांगू का, रडूही यायचं.

तलावावर तिला नोकरी मिळाली ती तिकीट खिडकीत. पुढे शिकवायची जागा रिकामी झाली, तेव्हा तिनं धीर करून मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "तुला येतं गं, प्रश्न तो नाही. पण पालकांना काय वाटेल? शिकवणारा माणूस कसा चपळ दिसला पाहिजे." गुब्बी "हो सर" म्हणून पुन्हा खिडकीत जाऊन बसली. घरी आल्यावर आईला म्हणाली, मी नोकरी सोडते आणि पोहणंही सोडते. नोकरीचं मी एक वेळ ऐकून घेतलं असतं. पण जिथे ही पोरगी ताठ असते अशी सबंध जगात एकच जागा, तीसुद्धा ती सोडायला निघाली होती.

मंडळ मॅनेजरकडे गेलं. मला नेलं ते तोंड न उघडण्याच्या अटीवर. पोस्टमनदादा म्हणाले, "पालकांना काय वाटेल हे तुम्ही सांगताय. पालकांना विचारलंत का कधी?"

मॅनेजर दुष्ट नव्हता, भित्रा होता. डोकं खाजवत म्हणाला, "रविवारी सकाळी नव्या मुलांचा पहिला तास आहे. घेऊ दे तिला. पालक समोरच बसतात. पण कुणी कुरकुर केली, तर पुन्हा हा विषय माझ्याकडे आणायचा नाही."

रविवारी आम्ही सगळे मागच्या रांगेत जाऊन बसलो. पाण्यातल्या औषधाचा तो डोळे चुरचुरवणारा वास, ओल्या फरशा, आणि छप्पर असं की कुणी शिंकलं तरी घुमावं. गुब्बी टॉवेल घट्ट गुंडाळून बाहेर आली. पुढे बसलेल्या एका बापानं बायकोला कोपरानं ढोसलं. मी ते पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसले. माझ्या जन्मातली ही पहिलीच वेळ असेल.

गुब्बी पालकांसमोर उभी राहिली. "नमस्कार. आजचा तास मी घेणार आहे. आधीच माफी मागते, मला माहितीये की मी काही शिक्षकासारखी दिसत..."

"कप."

आम्हीच. सगळे. एका सुरात, आणि माझा आवाज सगळ्यांत वर. जित्याची खोड, दुसरं काय. तो शब्द छपराला आपटून परत आला. सगळे पालक वळून आमच्याकडे बघायला लागले. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. पोस्टमनदादा पुटपुटले, "वाटोळं केलं आपण पोरीचं." जीभ हासडून टाकावीशी वाटली.

गुब्बी आमच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"हे कप म्हणजे काय?" तोच ढोसणारा बाप विचारत होता.

"ती मागची माझी माणसं आहेत," गुब्बी म्हणाली. "आपल्या जाडेपणाबद्दल माफी मागितली की आमच्याकडे कप धुवावे लागतात. मी इतके धुतलेत की हाताची सालं निघाली." दोन-चार आया हसल्या, तिला नव्हे, तिच्याबरोबर. मग तिनं टॉवेल सोडून कठड्यावर टाकला. "ते वाक्य राहू द्या. मी पोहायला फार छान शिकवते. चला, कोण येतंय आधी?"

कुणीच येईना. त्या बापाची चिमुरडी तर शिडी धरून मुसमुसत होती. गुब्बी पाण्यात शिरली आणि उताणी पडून निवांत तरंगत राहिली, अंथरुणावर पडावं तशी. चिमुरडीचं रडणं थांबलं.

"तू एवढी मोठी आहेस, तरी बुडत नाहीस?"

"नाही. तूही नाही बुडणार. हात दे."

तिनं एक हात दिला. बऱ्याच वेळानं शिडी धरलेला दुसराही सुटला. गुब्बीच्या दंडावर डोकं टेकून ती छपराकडे बघत पडून राहिली, आणि मग बाकीच्यांनी माझा नंबर, माझा नंबर म्हणून गिल्ला केला.

तास संपल्यावर तो बाप तडक मॅनेजरकडे निघाला. मी पदर खोचून उठलेच होते, पोस्टमनदादांनी दंड धरून खाली बसवलं.

"पुढच्या वेळी ह्याच असतील ना?" बाप विचारत होता. "नाही म्हणजे, आमची आता दुसऱ्या कुणाच्या हातात हात देणार नाही."

मॅनेजरनं गुब्बीकडे पाहिलं. "ह्याच असतील," तो म्हणाला.

पुढच्या बैठकीला मॅनेजर पार्लरच्या दारात हजर. आत यावं की नाही, अशा विचारात उभा. म्हणाला, "माफी मागायला आलोय. माझं चुकलं."

सगळ्यांचे ओठ शिवशिवले. माझे तर उघडलेच होते. गुब्बीनं हातानं थांबवलं. "सर, ह्या माफीला कप नाहीत. ही आम्ही ठेवून घेतो. या, बसा."

ती मधल्या खुर्चीत बसली होती, अंग न चोरता, पाय पसरून. आत येताना सॉरी म्हणाली नव्हती, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. कुणीच म्हणालं नव्हतं. चहा संपला, लोक उठले, आणि उष्टे कप तसेच पडून राहिले. धुवायचे कुणी, नियमात काही लिहिलेलंच नव्हतं.

शेवटी मीच उचलले. मागच्या सिंकपाशी नळ मोठा सोडला, म्हणजे नाक ओढल्याचं बाहेर कुणाला ऐकू जायला नको. तेवढ्यात बाहेरून गुब्बीचा हुकूम आला, "मावशी, माझा कप नीट घास हं."