दोन नावांचं अ‍ॅडमिशन

“विद्यार्थिनी कुठंय?” खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं.

“मीच.”

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. “मावशी, मुलीचं अ‍ॅडमिशन असेल तर तिला घेऊन या. ओरिजिनल कागद तिच्यासमोरच तपासतो आम्ही.”

“मुलगी नाही मला. मुलगा आहे, तो पुण्याला इंजिनिअरिंग करतोय. डी. फार्मसी मी करणारे.”

मागच्या रांगेतल्या दोन पोरी खुदकन हसल्या. सुनयनानं मागं वळून बघितलं नाही. पाय दुखेपर्यंत उभी राहून ती खिडकीपाशी पोचली होती, आता हसण्याबिसण्याकडं लक्ष द्यायला वेळ नव्हता.

सुनयना शेलार खांदेश्वर स्टेशनाजवळच्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहायची. मध्ये औषध खात्याची तपासणी झाली, फार्मसिस्ट जेवायला गेलेला सापडला, आणि मालक इंद्रजितनं तिच्यापुढं हात जोडले. “वहिनी, यापुढं गोळीची एक पट्टीसुद्धा तुम्ही गिऱ्हाइकाला द्यायची नाही. तुम्ही माल लावा, खोकी फोडा.” आठवडाभर तिनं खोकी फोडली. मग एक दिवस तिनं त्याला सांगितलं, मी बारावी सायन्स आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी. इंद्रजित थक्क झाला. “मग बसलाय काय? डिप्लोमाला वयाची अट नाही, सीईटी नाही. बारावीच्या मार्कांवर घेतात.”

ऐकायला तरी सोपं होतं.

क्लार्कनं आधी मार्कशीट बघितली, मग आधार कार्ड, मग परत मार्कशीट. “इथं विजयमाला पंढरी निकम. इथं सुनयना धनाजी शेलार. या दोन बायका झाल्या.”

“एकच आहे. लग्नात नाव बदललं.”

“आडनाव बदलतं हो, ते लग्नाच्या दाखल्यावर चालवून घेतो. पण पहिलं नाव? त्याला गॅझेट लागेल. बारावीनंतर शिक्षणात खंड पडलाय, त्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि हा शाळा सोडल्याचा दाखला झेरॉक्स आहे, ओरिजिनल आणा. पुढचे!”

लग्न कोरेगावात झालं होतं. थोरल्या जावेचं नाव विजया. एका घरात विजया आणि विजयमाला म्हणजे हाक मारली की दोघी धावणार, म्हणून सासूनं, गोजराबाईंनी, ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सुनयना’ लिहून घेतलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरीला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि लग्नाची नोंद करायचंही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग हेलपाटे सुरू झाले. लग्नाच्या दाखल्यासाठी पत्रिका हवी, फोटो हवा, साक्षीदार हवेत, लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी. भटजी वारले होते. “मग त्यांचा मृत्यूचा दाखला आणा,” असं विवाह नोंदणी कचेरीतल्या बाईंनी इतक्या सहज सांगितलं की सुनयनाला रडावं की हसावं कळेना. ओरिजिनल दाखल्यासाठी ज्युनिअर कॉलेजात गेली तर जुनी रजिस्टरं कपाटात, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर. वकिलानं खंडाचं प्रतिज्ञापत्र टाइप करून दिलं, त्यात लिहिलं होतं, ‘सदर कालावधीत मी घरीच होते.’

“घरीच?” ती वकिलाला म्हणाली. “पोरगं वाढवलं, सासऱ्यांचं आजारपण काढलं, दुकानात काउंटर सांभाळला. घरीच काय?”

“ताई, मजकूर ठरलेला असतो. सही करा.”

तिनं सही केली, पण पेन इतकं दाबलं की कागदाला भोक पडता पडता राहिलं.

धनाजी वाशीच्या मार्केटात माथाडीच्या टोळीचा मुकादम. दोन दिवस कामावर खाडा करून तोही साक्षीदार गोळा करत फिरला, आणि वैतागला. “कशाला हे नसतं लचांड मागं लावून घेतलंस? बरं चाललं होतं की.”

“तुमचं बरं चाललं होतं. मी खोकी फोडत होते.”

दुसऱ्या दिवशी तोच तिला ई-सेवा केंद्रात घेऊन गेला. तिथं वैशाली नावाची मुलगी गॅझेटचा अर्ज भरत होती.

“जुनं नाव विजयमाला, नवं नाव सुनयना. बरोबर ना काकू?”

“हो,” म्हणता म्हणता ती थांबली. “डिप्लोमावर कुठलं नाव येतं गं?”

“मार्कशीटवरचं.”

“आणि दुकानात भिंतीला सर्टिफिकेट लावतात, त्यावर?”

“तेच येणार.”

“मग उलटं लिही. जुनं सुनयना, नवं विजयमाला, मार्कशीटवर आहे तसं पुरं.”

धनाजी खुर्चीतून उठलाच. “अगं ए, डोकंबिकं फिरलं का? आधार बदलावं लागंल, पॅन, बँक, रेशनकार्ड, सोसायटीचे कागद! सरळ आहे ते वाकडं कशाला करतीस?”

“सरळ होतं तेच वाकडं केलं होतं. आता करते नीट. हेलपाटे माझे मी घालीन.”

वैशालीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि उलटं लिहिलं.

त्या संध्याकाळी कोरेगावहून सासूचा फोन आला. कुणी कळवलं होतं कोण जाणे.

“मी ठेवलेलं नाव वाईट होतं व्हय गं?”

“वाईट नव्हतं, आत्या. मला विचारलं नव्हतं एवढंच.”

मग गोजराबाई म्हणाल्या, “मग आता मी हाक काय मारू?”

“तुमी सुनयनाच म्हणा. चालंल मला.”

प्रवेशाची मुदत संपत आली आणि नेहमीप्रमाणं वाढली. ती पुन्हा संपायच्या आत लग्नाचा दाखला मिळाला, गॅझेट आलं, आधार बदललं, कपाटाच्या किल्लीवालेही रजेवरून परतले. यादीत नाव लागलं ते विजयमाला पंढरी निकम असं, आणि ते मोबाइलवर दिसल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. दूध उतू गेलं तरी हललीच नाही.

कॉलेजात प्रवेश पक्का करायला धनाजी बरोबर आला. तोच क्लार्क खिडकीत. सगळे कागद बघून झाले, आता झालंच असं वाटलं, तेवढ्यात त्यानं आणखी एक कागद सरकवला.

“रॅगिंगविरोधी हमीपत्र. पालकांची सही लागेल.”

“कुणाच्या पालकांची?”

“तुमच्या.”

“अहो, मला पोरगा आहे वीस वर्षांचा!”

“फॉर्म सगळ्यांना एकच आहे मॅडम.”

तिचे वडील कोरेगावात अंथरुणाला खिळलेले. विजयमालानं एक लांब श्वास घेतला आणि कागद धनाजीच्या हातात दिला. तो बाकावर बसून ओळीवर बोट ठेवत वाचू लागला.

“माझा पाल्य कॉलेजात कुणालाही त्रास देणार नाही, अशी मी हमी देतो,” त्यानं मोठ्यानं वाचलं. “आता ही हमी मी कशी देऊ?”

“गपगुमान सही करा.”

त्यानं सही केली. पुढं ‘विद्यार्थ्याशी नाते’ असं लिहिलं होतं. तिथं तो जरा अडला, मग ठळक अक्षरात ‘नवरा’ लिहिलं, बरं दिसेना म्हणून खोडलं आणि वर ‘पती’ लिहिलं.

क्लार्कनं कागद उजेडात धरला. “खाडाखोड चालत नाही,” तो म्हणाला. “नवीन फॉर्म तळमजल्यावर मिळेल.”