नजर धुऱ्यावर

हिमानीने विमान पुन्हा आपटलं. चाकं टेकली, विमान उसळलं, परत आदळलं, आणि शेजारी बसलेल्या तिच्या शिक्षिका अलका मॅडमनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वेग वाढवायला थ्रॉटल पुढे ढकललं. परत एक फेरी. सकाळपासून हेच रडगाणं चाललं होतं. उडायचं, डावीकडे वळायचं, जामसांवलीचं देऊळ लांबवर दिसेपर्यंत धावपट्टीला समांतर जायचं आणि पुन्हा डावीकडे वळत वळत खाली यायचं. वळणं तिला तोंडपाठ होती. मेलं ते उतरणं तेवढं जमत नव्हतं. आज जमलं नाही तर मॅडम तिला एकटीने उडू देणार नव्हत्या, आणि नेमका आजच बाबा पाहायला आला होता.

कवडू पांढुर्ण्याच्या बसने आला होता. धावपट्टीच्या पार टोकाला, कुंपणाबाहेर सडकेलगतच्या निंबाखाली, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून तो उभा होता. पोरीची एकेक आपटी त्याला दिसत असणार. हिमानीला स्वतःचीच चीड आली.

"बघतेस कुठे तू?" मॅडम वैतागल्या. "नाकाखाली नको, लांब बघ."

"लांबच पाहून राहिली, मॅडम."

"खोटं."

खोटंच होतं. लहानपणापासून तिने कपाशीत बाबासोबत तण काढायचा डवरा धरला होता. बैल पुढे आणि नजर खाली पात्यावर. एक रोप कापलं गेलं तरी बाबाची बोलणी बसायची. ती खोड अंगात मुरली होती. जमीन जवळ आली की डोळे आपोआप खाली जायचे आणि विमानाचं नाक उचलायची वेळ चुकायची.

पण पेरणीचं पहिलं तास, पहिली ओळ काढताना? तेव्हा बाबा तिला शेताच्या पलीकडच्या बांधावर, धुऱ्यावर उभी करायचा आणि तिच्याकडे बघत तिफण हाकायचा. खाली बघायचाच नाही. तास सरळ यायचं.

या खेपेला तिने टोकाच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर नजर ठेवली आणि हलवली नाही. चाकं कधी टेकली ते तिला कळलंसुद्धा नाही.

 विमान कडेला घ्यायला लावून मॅडमनी पट्टा सोडला, खाली उतरल्या आणि धाडकन दार लावलं. "एक फेरी. एकटी जा," त्या खिडकीतून म्हणाल्या.

ती गेली. शेवटचं वळण घेऊन समोर पाहिलं, तर निंब होता, दुपट्टा नव्हता.  मग निंबावरच नजर रोवून ती उतरली, आणि विमान उसळलं नाही.

टाळ्या वाजल्या, कोणी पाठ थोपटली. तिचं लक्षच नव्हतं. तिने फोन लावला.

"कुठी हायेस, बाबा?"

"बसमंदी." कवडूचा आवाज पडला होता. "तुही मॅडम रागानं उतरून गेली दिसली. म्हटलं, पोरीले काढलं. माह्यासमोर तुले लाज वाटन, म्हणून निंगालो. रडू नको, बाई."

"मंग त्याच्यानंतरची फेरी?"

"दिसली ना खिडकीतून. कोन होतं त्याच्यात?"

"मी होती. एकटीच."

फोनमधून बसच्या घरघरीत सीट करकरल्याचा आवाज आला.

"ओ कंडक्टर," कवडू म्हणाला, "गाडी थांबवा. मले उतरायचं हाय."