लाल पट्टीचा पॉवर सप्लाय

आमच्या दुकानात बाबांच्या खालोखाल शब्द चालायचा तो एका पत्र्याच्या ट्रेचा. त्यात बाबांनी स्वतः पारखून ठेवलेले सुटे भाग होते: रॅम, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय. प्रत्येकावर लाल चिकटपट्टी. बंद पडलेला कॉम्प्युटर आला की त्याचा एकेक भाग काढायचा आणि त्या जागी लाल पट्टीचा लावून बघायचा. मशीन चाललं, तर काढलेला भाग खराब. सुरुवात पॉवर सप्लायपासून, कारण वीजच नीट मिळत नसेल तर पुढचं सगळं निदान खोटं. लाल पट्टीवर शंका घ्यायची नाही, हे बाबांनी मला आणि दादाला एकाच टेबलापाशी शिकवलं. मी ते मनावर घेतलं. दादाने कानाआड केलं.

दादाला ट्रेपर्यंत हात लांब करायचाही कंटाळा. हाताशी येईल तो भाग लावायचा, अंदाजपंचे काहीतरी ठरवायचं आणि गिऱ्हाइकाशी गप्पा ठोकायच्या. माझं सगळं रीतसर. तरी माझ्या हाताखालून गेलेले मदरबोर्ड माना टाकू लागले. मी रॅम बदलून, तासभर चालवून चांगलं मशीन द्यावं आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकाने ते मेलेलं आणून काउंटरवर आपटावं. दादाची मशीनं मात्र ठणठणीत.

बाबांची नजर अधू झाली होती. कामाचं टेबल आता आम्हा दोघांपैकी एकालाच मिळणार होतं, दुसऱ्याने काउंटर सांभाळायचा. मला ते टेबल हवं होतं. इतकं दुसरं काहीच मला कधी हवं नव्हतं. नणंदेच्या हाताला यश नाही, असं वहिनी येईल त्याला ऐकवायची. बाबा ते ऐकून घ्यायचे. मला तेच जास्त लागायचं.

एका दुपारी एका शिक्षिकेचा कॉम्प्युटर लाल पट्टीच्या सप्लायवर चालू ठेवून मी जेवायला बसले. परत आले तर करपल्याचा वास. मशीन बंद केलं, बोर्ड सोडवला आणि नुसत्या सप्लायला मीटर लावला. जिच्यात बारा व्होल्ट हवेत त्या तारेवर पंधरा. पंखा लावून तो निववला, पुन्हा मोजलं, बरोबर बारा. तापल्यावर आकडा पुन्हा चढला. बाबा तो दरवर्षी तपासायचे, पण थंड असतानाच. आणि मी शहाण्या मुलीसारखी प्रत्येक मशीन त्याच्यावर तासभर चालवत होते. सगळे बोर्ड मीच भाजले होते, बाबांचा शब्द पाळून. मला संताप आला. आणि खरं सांगते, आनंदही झाला. सुटले एकदाची, असं वाटलं.

बाबांना आणि दादाला टेबलापाशी बोलावलं. माझा मीटर बिघडला असेल, असं बाबा म्हणाले. मग दादाचा मीटर लावला. बाबांना आकडा दिसेना, म्हणून दादानेच वाचला, "पंधरा."

बाबांनी सप्लाय मांडीवर घेतला आणि नखाने लाल पट्टी खरवडत बसले. ती जुनी होती, तुकड्यातुकड्याने निघत होती. पूर्ण निघाल्यावर ते दादाकडे बोट दाखवून म्हणाले, "टेबल ह्यालाच मिळू दे."

"बाबा, मी तुम्ही शिकवलं तसंच केलं."

"तेच तर. एवढे बोर्ड गेले, तरी तुला सप्लायचा संशय आला नाही. ह्याने त्याच्यावर कधी विश्वासच ठेवला नाही. ह्या कामाला असाच माणूस लागतो."

मी दादाकडे पाहिलं. मला नुसता कंटाळा यायचा हो बाबा, एवढं एक वाक्य त्याने बोलायचं होतं. त्याने उलट गंभीर चेहरा केला, जणू सगळं त्याला आधीपासून ठाऊकच होतं.

आता मी काउंटरवर बसते. परवा ट्रेसाठी नवा पॉवर सप्लाय आला. दादाने तो खोक्यातून काढून मिनिटभर मोजला आणि चांगला आहे म्हणाला. बाबांनी मला हाक मारली. पट्टी तूच नीट लावतेस, म्हणाले. हा तापवून तपासायला हवा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी पट्टी लावली आणि काउंटरवर जाऊन बसले.