चार वाजताची टिंग

चार वाजायला आले तसा दिवाणखाना भरला. शेजारणी, वरच्या मजल्यावरचा शिंपी, जिना झाडणारी बाई, सगळे कॉम्प्युटरकडे डोळे लावून बसले. पडद्यावर सुनेचा खेळ चालू होता. बंदूक घेतलेला तिचा गडी धावत होता, आणि बरोबर चारला तो एक पाय हवेत ठेवून थिजला.

"आले!" शिंपी पुटपुटला.

सासऱ्यांना जाऊन तीन महिने झाले होते. चार ही त्यांच्या चहाची वेळ, आणि ते गेल्यापासून रोज त्याच वेळी घरातलं इंटरनेट जायचं. सुनेचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी खिडकीजवळची त्यांची रिकामी खुर्ची बघून तिच्याही अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोला!

इंटरनेट जोडून देणारा दुकानदार हल्ली दोषही काढून द्यायचा. लोक त्याला लहरीबुवा म्हणत. त्यानं खोक्यातून आठ अँटेनांचा काळा राऊटर काढला. वर सोनेरी दोरा गुंडाळलेला.

"आत्मा म्हणजे काय? लहर! वायफाय म्हणजे काय? तीही लहर! लहरीत लहर गुंतली की नेट गुंततं. हा सिद्ध राऊटर. स्पीड दुप्पट, गेम सुसाट, आणि मृतात्म्याला मोकळी वाट!"

त्यानं डोळे मिटून फुंकर मारली. कुठून तरी 'टिंग' असा आवाज आला आणि पडद्यावरचा गडी धावू लागला.

"घंटा ऐकलीत? तिकडची आहे ती!"

लोकांनी हात जोडले. एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बुवा त्यांच्याकडे वळला. "मावशी, तुम्ही आठवण काढता म्हणून ते अडकलेत. उद्यापासून त्यांचा विषय बंद. खुर्ची, चष्मा, सगळं घराबाहेर. मगच हा राऊटर बसेल."

"ह्यांचा चष्मासुद्धा?" सासूबाईंनी विचारलं. मग त्यांनी मान डोलावली.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवाय ती तिकडची घंटा तिला फारच ओळखीची वाटत होती.

"कोणी उठायचं नाही," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये कपभर पाणी ठेवलं आणि बटण दाबलं. "बघा पडद्याकडे!"

गडी थिजला. टिंग झाली. गडी धावला.

"अगंबाई, सव्वाचारलाही आले!" झाडणारी बाई ओरडली.

"पुन्हा बोलावू? आपला राऊटर ओव्हनच्या डोक्यावर ठेवलाय. जुना राऊटर आणि ओव्हन, दोघांच्या लहरी एकाच जातीच्या. ओव्हनच्या गोंगाटात राऊटरचं बोलणं ऐकू येत नाही, एवढंच. आणि बुवा, तो तिथं तुम्हीच बसवलात ना? ओव्हन लावला की नेट जरा दमेल, हेही तुम्हीच म्हणाला होतात!"

बुवानं दोरा खिशात कोंबला आणि काढता पाय घेतला.

"पण रोज चारला ओव्हन लावतं कोण?" शिंप्यानं विचारलं.

"मी," सासूबाई हळूच म्हणाल्या. "सकाळी सवयीनं दोघांचा चहा टाकला जातो. ह्यांचा कप उरतो. तो चारला गरम करून, तू खेळात गुंग असताना, खुर्चीपाशी ठेवते. तू हसशील म्हणून बोलले नाही गं."

सुनेला हसू कुठलं यायला!

दुसऱ्याच दिवशी तिनं दोन वेगवेगळ्या लहरींवर चालणारा साधा राऊटर आणून दिवाणखान्यातल्या उंच फळीवर ठेवला. खेळासाठी कॉम्प्युटरला सरळ वायर जोडली. चारला ओव्हन घुमला, टिंग झाली. गडी धावतच राहिला.

सासूबाई कप घेऊन खुर्चीपाशी उभ्या होत्या. "म्हणजे आज हे आलेच नाहीत."

"ते कालही आले नव्हते, आई." हे बोलताना सुनेचा जीव तुटत होता, पण तिनं ते बोलून टाकलं. "तुम्हाला येते ती त्यांची आठवण. त्यात दोष कसला? खुर्ची इथंच राहील. आणि उद्या कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारायचं, त्या वेळी घरात आणखी काय चालू होतं?"

ती त्या खुर्चीत बसली आणि तिनं हात पुढे केला. "द्या तो कप."

सासूबाईंनी कप तिच्या हातात दिला.

"सांभाळून," त्या म्हणाल्या. "कढत आहे."